आनापान आणि जपमाळ : वसईकडच्या एका प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. वसई तालुक्यातल्या एक कॅथलिक भगिनी नालासोपाऱ्यात नोकरी करतात. कामावरच्या बौद्ध मैत्रिणीबरोबर त्या विहारात गेल्या आणि तिथे आनापान शिकल्या. श्वासाकडे लक्ष देऊन पंधरा मिनिटं बसलं की डोकं शांत होतं, आणि मग संध्याकाळची रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, उरकल्यासारखी वाटत नाही, असं त्या लिहितात. सासूबाईंना हे पसंत नाही. मन रिकामं सोडलं की त्यात सैतान शिरतो, असं त्यांचं म्हणणं. आता मैत्रीण इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला चल म्हणते आहे. हे चालेल का, आणि चालत असेल तर कुठपर्यंत?

आधी सरळ उत्तर देतो. पाठ ताठ ठेवून गप्प बसणं, श्वासाकडे लक्ष देणं, भटकलेलं मन न चिडता परत आणणं, एवढं घ्यायला ख्रिस्ती माणसाला आडकाठी नाही. पण त्याची जागा ओटीवर आहे, माजघरात नाही. ओटीवर माणूस चपला काढतो, पाय धुतो, घाम पुसतो, दम घेतो. मग आत जातो, कारण आत कोणीतरी वाट बघत असतं. श्वास म्हणजे तो दम घेणं. प्रार्थना सुरू होते ती तुम्ही कोणाला तरी 'तू' म्हणता तेव्हा. ओटीवर रोज पाऊण तास बसून आत न जाताच उठलात, तर विश्रांती झाली, तब्येतीला बरं झालं, पण प्रार्थना झाली नाही. पुढचं सगळं उत्तर या एका फरकावर उभं आहे.

आनापान म्हणजे नेमकं काय, हे आधी नीट समजून घ्या, कारण आपल्याकडे त्याला 'मन शांत करायची युक्ती' म्हणून मोकळे होतात. पाली परंपरेत आनापानसतीचे सोळा टप्पे सांगितलेत, चार-चारांच्या चार गटांत: काया, वेदना (म्हणजे सुखदुःखाच्या संवेदना), चित्त आणि धम्म. श्वास लांब आहे की आखूड हे जाणणं ही नुसती सुरुवात. शेवटच्या गटात साधक अनित्यता पाहतो, विराग पाहतो, आणि सोडून देणं शिकतो. म्हणजे शांती हा तिथला मुक्काम नव्हे, वाटेतला थांबा आहे. मुक्काम आहे तो दुःखाचं मूळ असलेली तृष्णा निवणं. शिवाय स्मृती, म्हणजे जागरूकता, हे अष्टांगिक मार्गाचं एक अंग आहे, आणि त्या मार्गात शील आधी येतं. खोटं बोलायचं, चोरी करायची आणि सकाळी श्वास बघायचा, हे बौद्धांनाही मान्य नाही.

इतकं सांगतो ते मुद्दाम. आपण शेजाऱ्याच्या धर्मातला एक तुकडा उचलतो, त्याला 'निव्वळ तंत्र' म्हणतो आणि त्यामागचा धम्म नजरेआड करतो. हे उचलणं सभ्यपणाचं नाही. कोकणात तर अजिबात नाही. ज्या मातीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे आहे, जिथे १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तिथल्या बौद्ध शेजाऱ्यासाठी त्रिशरण-पंचशील ही फावल्या वेळातली गंमत नाही. ते त्याच्या माणूसपणाचं विधान आहे. म्हणून मैत्रिणीला मोकळेपणाने सांगा: 'तुमच्याकडून मी श्वासाकडे लक्ष द्यायला शिकले, ते घेऊन मी येशूपुढे बसते.' तिला ते समजेल. लपवाछपवी मात्र दोघींच्याही मनाला लागेल.

तुमचा तालुका या बाबतीत भाग्यवान आहे. सोपाऱ्याच्या स्तूपाचं उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली केलं, आणि सम्राट अशोकाच्या शिलालेखांतल्या आठव्या आज्ञेचा तुकडाही तिथेच मिळाला. नवव्या आज्ञेचा तुकडा १९५६ साली भुईगावात सापडला. भुईगाव म्हणजे आपल्याच ख्रिस्ती वस्तीचा किनारा. ती नववी आज्ञा काय सांगते? लोक आजारपणात, लग्नकार्यात, प्रवासाला निघताना नाना मंगलविधी करतात. करावेत, पण त्यांचं फळ थोडं. नोकराचाकरांशी नीट वागणं, गुरुजनांचा मान राखणं, प्राण्यांविषयी संयम बाळगणं, हे खरं मंगल. देखाव्याचं धर्माचरण नको म्हणणारा मत्तयच्या शुभवर्तमानातला सहावा अध्याय ज्याला पाठ आहे, त्याला हा सूर परका वाटणार नाही.

आता ख्रिस्तसभेचं म्हणणं. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने इतर धर्मांविषयी जाहीरनामा काढला. त्या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे आणि बौद्ध धर्माचा नावानिशी उल्लेख आहे. पुढे १५ ऑक्टोबर १९८९ रोजी, अविलाच्या संत तेरेजाच्या सणादिवशी, ख्रिस्ती ध्यानाविषयी रोमहून बिशपांना एक पत्र आलं. त्यावर कार्डिनल रात्झिंगर यांची सही आहे, तेच पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे झाले. पुष्कळ जण त्या पत्राची एकच बाजू सांगतात. कोणी म्हणतो बंदी घातली, कोणी म्हणतो परवानगी दिली. खरं तर त्यात दोन्ही गोष्टी नीट वेगळ्या काढल्या आहेत. इतर धर्मांच्या ध्यानपद्धतींतून उपयोगी ते घेता येतं, गजबजलेल्या मनाच्या माणसाला देवापुढे शांतपणे बसायला त्या मदत करू शकतात, हे त्यात आहे. अट एकच: ख्रिस्ती प्रार्थनेचं स्वरूप झाकलं जाता कामा नये. आणि इशारा असा, की शरीरात आलेली ऊब, हलकेपणा, प्रकाश यांना पवित्र आत्म्याचं सांत्वन समजू नका. ज्याचं वागणं बदललेलं नाही त्याने अशा अनुभवांना गूढ अर्थ चिकटवले, तर त्याच्या मनाचा तोल जाऊ शकतो, इतक्या कडक शब्दांत ते लिहिलं आहे.

तिसरा कागद तुमच्या कानावर येईलच, कारण तो आपल्याच माणसाविषयी आहे. मुंबईत जन्मलेले जेज्वीट (येशूसंघीय) फादर अँथनी डिमेलो पुण्याला आणि नंतर लोणावळ्याला साधना शिबिरं घेत. श्वास, शरीरातल्या संवेदना, आवाज ऐकणं यांतून ते माणसाला प्रार्थनेकडे नेत. १९८७ मध्ये ते वारले, आणि २४ जून १९९८ रोजी रोमने त्यांच्या लेखनाविषयी सूचना काढली. 'डिमेलोंवर बंदी आली' एवढंच लोक सांगतात. त्या सूचनेत असंही लिहिलं आहे, की बौद्ध आणि ताओ विचारांचा ठसा असूनही त्यांचं सुरुवातीचं लेखन ख्रिस्ती अध्यात्माच्या चौकटीत राहिलं. आक्षेप आहे तो नंतरच्या लेखनाला, जिथे देव व्यक्ती उरत नाही आणि येशू अनेक गुरूंपैकी एक होतो. म्हणजे पुन्हा तोच मुद्दा: श्वास बघण्यात अडचण नाही, 'तू' हरवण्यात आहे.

तुमचं लक्ष आता घरातल्याच एका गोष्टीकडे वळवायचं आहे. विहारात जे शिकलात, त्याची सख्खी बहीण ख्रिस्ती परंपरेत दीड हजार वर्षांहून अधिक काळ नांदते आहे. आपण तिला विसरलो. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातले तपस्वी एकच छोटं वाक्य दिवसभर मनात घोळवत. संन्यासी जॉन कॅसियनने त्यांच्याकडून शिकून ते वाक्य नोंदवून ठेवलं. ते सत्तराव्या स्तोत्राची सुरुवात आहे: देवा, माझ्या साहाय्याला धावून ये. पूर्वेकडच्या मठांत येशूच्या नावाची प्रार्थना श्वासाशी जोडली गेली. आणि सोळाव्या शतकात लोयोलाच्या संत इग्नाशियसने आपल्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात प्रार्थनेची तिसरी रीत दिली: एका श्वासाला प्रभूच्या प्रार्थनेतला एक शब्द. दोन श्वासांमधल्या वेळात त्या शब्दाचा अर्थ बघायचा, किंवा ज्याला उद्देशून तो म्हणतो आहोत त्याच्याकडे बघायचं, किंवा त्याच्या थोरवीपुढे आपलं लहानपण बघायचं.

ही रीत मराठीत करून बघा, तिच्यात एक वेगळीच गोडी आहे. इतर काही भाषांत पिता आधी येतो. आपल्याकडे 'हे' – श्वास – 'आमच्या' – श्वास – 'स्वर्गातील' – श्वास – आणि मग 'बापा'. तीन श्वास थांबल्यावर हाक पूर्ण होते. 'आमच्या'वर घरातली, वाड्यातली माणसं डोळ्यांपुढे येतात. 'बापा'वर पाहिजे तितका वेळ थांबा. एखाद्या दिवशी पुढे सरकताच आलं नाही, तर तिथेच बसा. असं थांबणं इग्नाशियस प्रार्थनेच्या दुसऱ्या रीतीत सांगतो.

नामस्मरण तर मराठी माणसाच्या हाडात आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८६१ साली कोकणातच, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्मले. ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी अभंग आणि कीर्तन सोडलं नाही. भक्तीची रीत ओळखीची राहिली, ती कोणाच्या पायाशी अर्पण करायची हे बदललं. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यांच्या भजनांत आहे.

आता प्रत्यक्ष कृती. सुरुवातीला दहा मिनिटं पुरे. तीन आठवड्यांनी पंधरा, दोन महिन्यांनी वीस. यापुढे घरसंसार सांभाळणाऱ्याने एकट्याने वाढवू नये.

वेळ घड्याळाला बांधण्यापेक्षा कामाला बांधा. ज्या घरात बोटीची ये-जा भरती-ओहोटीवर ठरते किंवा पहाटे वाडीत पाणी सोडायचं असतं, तिथे 'रोज पाच वाजता' आठवडाभरही टिकत नाही. 'तोंड धुतल्यावर, चहाच्या आधी' हे टिकतं. दुसरी चांगली वेळ रोजरीच्या अगदी आधीची. जेवल्यावर दीड तास तरी बसू नका. दुपारी भात-कालवण जेवून बसलेला माणूस ध्यान करत नाही, डुलक्या घेतो.

बसायला भिंतीपासून वीतभर पुढे सतरंजी घाला. त्यावर गोधडीची चौपदरी घडी किंवा पाट, साधारण चार इंच उंच. बैठक गुडघ्यांपेक्षा उंच हवी. ती सपाट राहिली की कंबर मागे कलते, पाठ गोल होते आणि दहाव्या मिनिटाला दुखायला लागते. गुडघ्यांचं दुखणं असेल तर सरळ खुर्ची घ्या, पाठ टेकू नका, तळवे जमिनीला पूर्ण टेकू द्या. मांडी घालून बसण्यात जास्त पुण्य नाही. मे महिन्यात पंखा चालू ठेवा. घामाने चिकचिकलेल्या अंगाशी झगडत बसण्यात काही साधत नाही. पावसाळ्यात पत्र्यावरचा आवाज असू द्या. त्याला अडथळा म्हटलात तरच तो अडथळा होतो. समोर क्रूस किंवा बायबल ठेवा. मेणबत्ती लावलीत तर तिच्याकडे टक लावू नका.

पहिली कृती क्रूसाची खूण, आणि एक वाक्य मोठ्याने: 'प्रभू, मी तुझ्यासमोर बसते आहे.' हे वाक्य कधीही गाळू नका. पुढच्या शांततेची दिशा तेच ठरवतं.

मग सुमारे तीन मिनिटं नुसता श्वास. नाकपुडीच्या टोकाशी थंड आत, कोमट बाहेर. श्वास लांबवायचा नाही, रोखायचा नाही, मोजायचा नाही. निवांत बसलेल्या माणसाचे मिनिटाला साधारण बारा ते वीस श्वास होतात, म्हणजे तीन मिनिटांत चाळीस-पन्नास. त्यांतल्या निम्म्यांकडेही लक्ष राहणार नाही. राहिलं नाही हे लक्षात आलं की परत यायचं, एवढंच काम. या वेळी एक गोष्ट मनाशी धरा: उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देवाने मातीच्या माणसाच्या नाकात जीवनाचा श्वास फुंकला, आणि योहानाच्या विसाव्या अध्यायात उठलेल्या येशूने शिष्यांवर फुंकर घालून पवित्र आत्मा घ्या म्हटलं. म्हणजे जो श्वास तुम्ही बघता तो तुम्हाला दिलेला आहे. बौद्ध साधक इथे श्वासाची अनित्यता बघेल, तुम्ही देणगी बघा. कृती एकच दिसते, पण वाट इथे फुटते.

त्यानंतर शब्द. एकच शब्द किंवा एकच छोटं वाक्य घ्या. 'प्रभू येशू ख्रिस्ता' आत, 'मज पाप्यावर दया कर' बाहेर. हे लांब वाटत असेल तर नुसतं 'येशू'. श्वास आत घेताना 'ये', सोडताना 'शू'. मराठीत 'ये' म्हणजे हाक मारणंही आहे, आणि पहिल्या ख्रिस्ती मंडळीची जुनी अरामी प्रार्थना 'मारानाथा' हेच म्हणते: आमच्या प्रभो, ये. बेनेडिक्टाइन संन्यासी जॉन मेन याने विसाव्या शतकात 'मारानाथा' हाच शब्द देऊन लोकांना सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं बसायला शिकवलं. निवडलेला शब्द निदान महिनाभर बदलू नका. रोज नवा शब्द घेणारा रोज नवी विहीर खणतो आणि कुठेच पाण्याला लागत नाही. शब्द बळाने श्वासावर ठोकायचाही नाही. दोन्ही एकत्र चालले तर चालू द्या, सुटे झाले तर शब्द धरा आणि श्वास सोडा. हा क्रम महत्त्वाचा आहे.

शेवटची दोन-तीन मिनिटं प्रभूची प्रार्थना, सावकाश, मोठ्याने. मग एका माणसासाठी एक विनंती. मग उठा. गजर लावायचा असेल तर हळू लावा. कर्कश गजर झाला की सगळं बसणं त्याच्या धास्तीत जातं.

चुका कुठे होतात ते आता सांगतो, कारण बहुतेक लोक दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात इथेच अडतात.

सगळ्यात जास्त होते ती श्वासावर जबरदस्ती. 'खोल श्वास घ्या' हे प्राणायामाच्या वर्गातलं वाक्य डोक्यात असतं, म्हणून माणूस ओढून ओढून श्वास घेतो. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, गरगरतं. एखादा म्हणतो आत्म्याचा स्पर्श झाला, दुसरा म्हणतो भूतबाधा. दोन्ही चूक. डोळे उघडा, नेहमीसारखा श्वास घ्या, दोन मिनिटांत उतरेल. त्या दिवशी नुसती रोजरी म्हणा.

झोप ही दुसरी अडचण. डोळे अर्धे उघडे ठेवून क्रूसाच्या पायथ्याकडे बघा. तरीही झोप आली तर ती झोपेची गरज आहे. पहाटे तीनला मासळीच्या लिलावाला उठणाऱ्या बाईने रात्री दहाला ध्यानाला बसू नये, झोपावं. देवाला त्यात वाईट वाटत नाही.

तिसरी चूक जास्त बारीक आहे. पहिले काही दिवस गोड जातात, मग कोरडे दिवस येतात. माणूस त्या गोडीच्या मागे लागतो, जास्त वेळ बसतो, व्हिडिओ शोधतो, पद्धत बदलतो. दोन्ही परंपरांचे जाणते इथे एकच सांगतात: प्रकाश दिसो, रोमांच येवो, काहीच न होवो, धरून ठेवू नका. ख्रिस्ती माणसाला याहून एक सांगणं जास्त आहे. कोरडेपणातही समोर कोणीतरी आहे. आजारी आईच्या उशाशी आपण काही वाटावं म्हणून बसत नाही.

चौथी चूक येशूचा माणूसपणा मागे टाकण्याची. पुढे गेलेल्या साधकाला वाटायला लागतं, की आता शुभवर्तमानातल्या गोष्टी, गोठा, क्रूस, भाकर, हे सगळं नवशिक्यांसाठी. आपल्याला निराकार पुरे. संत तेरेजा या वळणावर फार ठाम आहे. कितीही उंच गेलात तरी ख्रिस्ताचा देहधारी सहवास सोडू नका, असं ती स्वतःच्या अनुभवावरून बजावते. म्हणून नियम असा, की जितकी मिनिटं शांत बसाल, निदान तितकीच मिनिटं रोज शुभवर्तमान वाचा. आणि मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) चुकवून ध्यान हा सौदा कधीही करू नका.

आणि एक गोष्ट गंभीर. गप्प बसल्यावर दाबून ठेवलेलं वर येतं: जुनी मारहाण, न रडलेलं दुःख, भीती. थोडं येणं स्वाभाविक आहे. पण छातीत धडधड, रात्र रात्र झोप नाही, आवाज ऐकू येणं, आपण आपल्या बाहेर असल्यासारखं वाटणं, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी बसणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. मानसिक आजारावर गोळ्या चालू असतील तर ध्यानाच्या भरवशावर त्या बंद करू नका, आणि लांब मौन शिबिराला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका. घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर एकट्याने गप्प बसण्यापेक्षा चार माणसांत रोजरी म्हणणं जास्त धरून ठेवतं.

सासूबाईंच्या भीतीकडे येतो. ती हसण्यावारी नेऊ नका, तिला आधार आहे. मत्तयच्या बाराव्या अध्यायात झाडून-लोटून ठेवलेल्या रिकाम्या घराची गोष्ट आहे. अशुद्ध आत्मा आणखी सात जणांना घेऊन तिथे परततो. पण त्या घराची अडचण झाडलोट नव्हे, आत धनी नसणं ही आहे. तुमच्या बसण्यात पहिल्या वाक्यापासून धनी घरात आहे. शिवाय आनापान म्हणजे मन रिकामं करणं, हेही खरं नाही. बौद्ध शिकवण मन जागं ठेवायला सांगते. सासूबाईंना हे समजावण्यापेक्षा एकदा बरोबर बसवा. त्यांच्या हातात जपमाळ असू द्या, प्रत्येक 'नमो मरिया'च्या मध्यावर, येशूच्या नावापाशी, एक श्वास थांबायला सांगा. रोजरीच्या पाच दशकांना, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या पाच गटांना, नेहमीपेक्षा तीन-चार मिनिटं जास्त लागतील. रोजरी म्हणणाऱ्या बाईला श्वास आणि नाम यांचं नातं शिकवावं लागत नाही. ती ते आयुष्यभर करत आली आहे, घाईत तेवढं झाकलं गेलं आहे.

विहारात शिकवली जाणारी मैत्रीभावनाही तुम्हाला आवडली असं लिहिलंत. ती आधी स्वतःसाठी, मग प्रिय माणसासाठी, मग ज्याच्याविषयी काही वाटत नाही अशासाठी, मग वैऱ्यासाठी, मग सगळ्यांसाठी. हा क्रम जसाच्या तसा मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी करायच्या, प्रार्थनेला घ्या. 'वैऱ्यांवर प्रीती करा' हे आपण ऐकतो, पण करायचं कसं, हे फारसं कोणी शिकवत नाही. या क्रमात ते आहे. फरक इतकाच करा, की 'तो सुखी होवो' इथे न थांबता 'प्रभू, मी याला तुझ्या हाती देते' म्हणा. बांधावरून भांडण असलेल्या चुलत दिराचं नाव चौथ्या जागी घ्या. पहिल्याच दिवशी त्याच्यापासून सुरू केलंत तर जमणार नाही, म्हणून तर क्रम आहे.

दहा दिवसांचं शिबिर मात्र वेगळी गोष्ट आहे. सत्यनारायण गोएंकांच्या परंपरेतल्या या शिबिरात पहाटे चारला उठणं, दिवसाला सुमारे दहा तास बसणं, दहाव्या दिवसापर्यंत मौन असतं. पहिले दिवस आनापान, चौथ्या दिवशी विपश्यना, शेवटी मैत्री. फोन, पुस्तकं, लिहिण्याचं साहित्य जमा करावं लागतं. फी नाही, हे खरं. पण नियमावलीत दोन गोष्टी ठळक आहेत. शिबिरकाळात प्रत्येक प्रकारची प्रार्थना, पूजा, माळ जपणं, मंत्र म्हणणं पूर्ण थांबवायचं, आणि शिबिर अर्धवट सोडायचं नाही. सुरुवातीला बुद्ध, धम्म आणि संघ या त्रिरत्नांना शरण जाण्याचे शब्दही म्हटले जातात. त्यांच्या बाजूने हे रास्त आहे. एक पद्धत तपासून बघायची तर ती भेसळ न करता बघावी.

तुमच्या बाजूने याचा अर्थ दहा दिवस बायबल नाही, रोजरी नाही, आणि मध्ये येणाऱ्या रविवारची मिस्सा नाही. माझं मत स्पष्ट आहे: आत्ता जाऊ नका. तुम्ही शिकत आहात ती गोष्ट नामाला श्वास जोडण्याची आहे, आणि शिबिर नेमकं नाम सोडायला सांगतं. जाऊन शालीखाली गुपचूप मणी ओढणारे ख्रिस्ती असतात. ते तिथल्या गुरूलाही फसवतात आणि स्वतःलाही. दहा दिवसांच्या मौनाची ओढ असेल तर इग्नाशियसच्या पद्धतीची आठ दिवसांची मौन तपसाधना मागा, जेज्वीट फादर ती देतात. रोज एकदा मार्गदर्शकाशी बोलणं, रोज मिस्सा, चार-पाच वेळा तासभर प्रार्थना. बौद्ध दर्शन मुळातून जाणून घ्यायचं म्हणून, श्रद्धा पक्की असलेला माणूस आपल्या मार्गदर्शकाला सांगून विपश्यनेला गेला, तर त्याला मी अडवणार नाही. पण ते समजून घेणं आहे, प्रार्थना नव्हे, आणि तसंच म्हणून जावं.

विहारात मैत्रिणीबरोबर जायला हरकत नाही. चपला काढा, शांत बसा, वंदना चालू असेल तर हात जोडून ऐका. 'बुद्धं सरणं गच्छामि' मात्र नुसतं सूर छान लागतो म्हणून म्हणू नका. शरण जाणं हा शब्द जड आहे, तिच्यासाठीही आणि तुमच्यासाठीही. पंचशील ऐकताना स्वतःला तपासून बघा. जीवघात, चोरी, व्यभिचार, खोटं, नशा, या पाचांतून पापनिवेदनाची तयारी चांगली होते.

पहिल्या महिन्याचं एवढंच ठेवा: दहा मिनिटं, एक शब्द, आठवड्याचे सहा दिवस. रविवारी मिस्सेत पवित्र भाकर स्वीकारल्यावर जागेवर येऊन त्याच शब्दावर दोन मिनिटं. एका वहीत रोज एक ओळ लिहा. काय वाटलं ते नको, त्या दिवशी घरात कोणाशी कसं वागलात ते. महिनाअखेर ती वही धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) फादरांकडे किंवा जाणत्या सिस्टरकडे घेऊन जा. वहीतला सासूबाईंचा भाग आधी सासूबाईंना वाचून दाखवा, आणि त्यांना तो खरा वाटतो का, ते विचारा.